डिशवॉशर आणि आईंचं बोट

मागच्या महिन्यात या सदरात लोणच्याच्या बरण्यांवर लिहिलं, त्यावर एका वाचक मैत्रिणीने कळवलं : "बरण्यांचं कळलं. पण आमच्याकडे चार वर्षांपासून डिशवॉशर आहे आणि त्या बरण्या आम्ही त्यातच ठेवतो. त्याचं काय करावं तेवढं लिहा." वाचून हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. कारण आमच्या घरचा डिशवॉशरसुद्धा तीन वर्षं शेवेच्या डब्यांचं कपाट होता.

2020 च्या टाळेबंदीत मावशींचं येणं बंद झालं, घरात पाच माणसं, आणि दिवसभर सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर. वाहतूक सुरू झाल्यावर आम्ही हौसेने मशीन आणलं. बसवायला आलेल्या मुलाने दहा मिनिटांत बटणं दाखवली, "टॅबलेटमध्ये सगळं असतं, बाकी काही लागत नाही" असं सांगितलं आणि तो गेला. पहिल्या आठवड्यात सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यापासून स्टीलच्या ताटांवर पांढुरकी झाक दिसायला लागली. काचेचे पेले धुक्यात ठेवल्यासारखे. वाट्यांच्या बुडाशी पाणी, डब्यांची झाकणं ओलीचिंब. पिठल्याचं भांडं तर जसं आत गेलं तसंच बाहेर आलं, फक्त गरम होऊन.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भांडं स्वच्छ आहे की नाही ते डोळ्यांनी बघत नाहीत. अंगठ्याशेजारचं बोट ताटावरून फिरवतात. कर्र वाजलं तर पास. त्यांनी मशीनमधल्या ताटावर बोट फिरवलं, काही वाजलं नाही. "धुतलंय," त्या म्हणाल्या, "पण निघालेलं नाहीये." त्यानंतर मशीनमध्ये शेव, चिवडा आणि दिवाळीचे रिकामे डबे राहायला गेले.

हे असंच चाललं असतं. पण आईंचे हात बिघडले. अंगठ्यांच्या सांध्यांत संधिवात, डॉक्टरांनी पिळणं, घासणं, जड उचलणं बंद सांगितलं. सकाळची भांडी मावशी करतात, रात्रीचं मी सकाळपर्यंत तसंच ठेवायला तयार होते. आई तयार नव्हत्या. रात्री घरात खरकटं ठेवायचं नाही, हा नियम त्यांनी लग्न होऊन या घरात आल्यापासून मोडलेला नाही. मी ऑफिसचं काम घेऊन बसलेली असायची, अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातून हलका आवाज यायचा. नळ बारीक सोडून, आवाज होऊ नये म्हणून भांडी जपून ठेवत त्या घासत असायच्या. गेल्या जानेवारीत ओल्या फरशीवर पाय सरकला. कट्टा धरला म्हणून वाचल्या. मनगट सुजलं, एवढ्यावर निभावलं.

त्या रात्री मी डिशवॉशरमधली शेव काढली आणि त्याची माहितीपुस्तिका पहिल्यांदा वाचली. पाच वर्षांनी!

पहिला शोध पाण्याचा. इंदूरकरांना सांगायला नकोच, आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून येतं ते एक दिवसाआड, मधल्या वेळी बोरिंग. दोन्ही एकाच टंकीत पडतात. बोरिंगचं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. बादलीला, नळाच्या तोंडाला जो पांढरा थर बसतो, तोच ताटावर बसत होता. मशीनमध्ये त्यासाठी सोय असते. तळाशी राळेच्या बारीक मण्यांची एक पेटी असते, आत येणारं पाणी त्यातून जातं, मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदली सोडियम सोडतात. थोड्या दिवसांनी मणी भरून जातात. मग मिठाच्या पाण्याने त्यांना धुऊन पुन्हा ताजं करावं लागतं. डिशवॉशरचं मीठ ते यासाठी. ते भांडी धूत नाही, भांड्यांना लागतही नाही. आम्ही ते पाच वर्षांत एकदाही घातलेलं नव्हतं.

मीठ घालताना मी स्वयंपाकाचंच घालणार होते, बरं झालं पुस्तिका उघडी होती. घरच्या मिठात आयोडिन असतं, ते मोकळं राहावं म्हणून आणखी काही मिसळलेलं असतं, शिवाय दाणा बारीक. त्याने पेटी तुंबते. डिशवॉशरचं जाड दाण्याचं मीठ वेगळं मिळतं, तेच घ्या. पहिल्या वेळी आधी त्या टाकीत काठोकाठ पाणी भरायचं, साधारण लिटरभर लागतं, मग नरसाळ्याने मीठ. खारं पाणी बाहेर सांडतं, घाबरू नका, पण झाकण घट्ट लावून लगेच मशीन सुरू करा. खारं पाणी रात्रभर स्टीलवर राहिलं तर गंजाचे ठिपके पडतात. आणि त्या टाकीत चुकूनसुद्धा साबणाची पावडर पडू देऊ नका, मण्यांची पेटी कायमची जाते.

नुसतं मीठ घालून भागत नाही, पाणी किती जड आहे ते मशीनला सांगावं लागतं. आमच्या मशीनचा आकडा तो मुलगा सगळ्यात खाली ठेवून गेला होता. कडकपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, पाण्यात बुडवून रंग बघायचा. बोरिंगच्या दिवशी आमच्याकडे आकडा आला लिटरला 450 मिलिग्रॅमच्या आसपास. पुस्तिकेत मात्र जर्मन अंश असतात. मिलिग्रॅमला 18 ने भागलं की अंश मिळतात, म्हणजे आमचे 25. एक गंमत सांगते, पाण्याच्या फिल्टरवाला जो टीडीएस मीटर बुडवून आकडा सांगतो, तो हा आकडा नव्हे. तो पाण्यातल्या सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा असतो, नुसत्या कडकपणाचा नाही. मी आधी तोच लावला होता. ज्यांच्याकडे दोन तऱ्हेचं पाणी येतं, त्यांनी जड पाण्याचा आकडा धरावा. मीठ थोडं जास्त जाईल, जाऊ दे. "सगळं असलेल्या" टॅबलेटमध्येही पाणी हलकं करणारं थोडं काही असतं, पण आपल्या बोरिंगपुढे ते पुरत नाही.

तरी पेले धुरकट राहिले तर त्याची परीक्षा सोपी आहे. पेल्याच्या एका बाजूला व्हिनेगर चोळा. डाग गेला तर तो क्षारांचा थर, म्हणजे मीठ किंवा आकडा तपासा. नाही गेला, तर काच झिजली आहे, ती आता परत येत नाही. माझ्या आईने दिलेल्या सहा पेल्यांपैकी दोन तसे गेले.

आता खरी लढाई. आई मशीनला तयार झाल्या, पण प्रत्येक भांडं आधी नळाखाली हाताने चोळून आत ठेवायच्या. "बंद पेटीत खरकटं ठेवायचं कसं?" मग मशीन कशाला, असं मी एकदा म्हणाले आणि दोन दिवस अबोला झाला. चूक माझी होती. खरकटं हा त्यांच्यासाठी नुसता घाणीचा प्रश्न नाही, आणि मी तो पाणी वाचवण्याच्या भाषेत सोडवायला बघत होते.

पण त्या धुण्याचा तोटाही होत होता. डिशवॉशरच्या साबणात विकरं असतात. एक भाताचा, पोळीचा स्टार्च तोडतं, दुसरं वरणातलं, दुधातलं प्रथिन. गरम पाण्यात त्यांना काम करायला वेळ लागतो, म्हणून मशीन दोन-अडीच तास घेतं. शिवाय ऑटो प्रोग्रॅममध्ये एक सेन्सर पाण्याचा गढूळपणा बघतो. सगळी भांडी चोळून ठेवली की पाणी स्वच्छ दिसतं, मशीन समजतं काम हलकं आहे, आणि पाणी कमी तापवून लवकर आटपतं. मग एखाद्या भांड्याला चिकटलेलं पिठलं तसंच राहतं. आमचं तेच झालं होतं.

शेवटी एक तह झाला. भांड्यातलं अन्न बोटाने किंवा सिलिकॉनच्या चमच्याने पूर्ण निपटून काढायचं, शिते, काड्या, लिंबाच्या फोडी केराच्या डब्यात. पाणी नाही. मशीन रात्री भरलं की त्याच वेळी लावायचं, अर्धं भरलं असलं तरी. म्हणजे सकाळी खरकटं नाही. अर्धं मशीन लावणं काटकसरीत बसत नाही हे मला ठाऊक आहे, पण रोज रात्री आईंनी सिंकशी उभं राहण्यापेक्षा मला ते परवडतं. पहिल्या रात्री त्यांनी वरणाच्या दोन वाट्या ठेवल्या, एक नळाखाली धुतलेली, एक नुसती निपटलेली. सकाळी दोन्हींवर बोट फिरवलं. कोणती कुठली ते त्यांना ओळखता आलं नाही. काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून नळ बंद.

मांडणी ही मात्र त्यांनीच मला शिकवली, असं म्हणायला हरकत नाही. आत दोन फिरते पाते असतात, त्यांच्या भोकांतून गरम पाणी जोराने उडतं. ब्रश नाही, हात नाही, सगळं काम त्या पाण्याच्या जोरावर. ही युक्ती जुनी आहे, अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन या बाईने 1886 मध्ये अशा मशीनचं पेटंट घेतलं तेव्हापासूनची. पाणी सरळ जातं, वळसा घालत नाही. जे पात्याला दिसत नाही ते धुतलं जात नाही. वाटीत वाटी बसली की आतली वाटी गेलीच. ताटं एकाआड एक खाचेत, तोंड मधल्या बाजूला. वाट्या आणि पेले वरच्या जाळीत, उलटे पण तिरके, म्हणजे बुडावर तळं साचत नाही. आपल्या स्टीलच्या वाट्यांना खाली काठ असतो, पालथ्या घातल्या की त्या काठात पाणी राहतं, म्हणून तिरकं घालणं महत्त्वाचं. कढई, पातेलं खाली, पालथं. चमचे काही उभे, काही उलटे, सगळे एका दिशेने ठेवले की एकमेकांच्या कुशीत झोपतात. सुऱ्या टोक खाली.

डाव, झारा, उलथनं वरच्या जाळीत आडवे. एकदा झाऱ्याचा दांडा जाळीतून खाली लोंबला आणि वरचं पातं पूर्ण वेळ त्याला टेकून उभं राहिलं. खालची भांडी लखलखीत, वरची तशीच. तेव्हापासून दार लावायच्या आधी आई दोन्ही पाती हाताने एकदा फिरवतात. पूजेच्या घंटीला हात लावावा तसा त्यांचा हात तिथे जातो. साबणाच्या कप्प्यासमोर मोठं ताट किंवा पोळ्यांची परात येऊ देऊ नका, झाकण उघडत नाही आणि टॅबलेट आतच राहते. टॅबलेट तळाशी टाकायचीही नाही, पहिल्याच पाण्यात विरघळून वाहून जाते. मी कित्येक दिवस तशीच टाकत होते. भांडी घासायचं साधं लिक्विड तर थेंबभरही नको, फेसाने मशीन थांबतं किंवा फेस दारातून बाहेर येतो.

काय ठेवायचं नाही याची आमच्याकडे एक वेगळी यादी झाली. ॲल्युमिनियमची पातेली काळी पडतात. लोखंडी तवा आणि कढई, वर्षानुवर्षं मुरलेलं तेल उतरतं आणि गंज चढतो. तांब्या-पितळेची देवाची भांडी, पोळपाट-लाटणं, लाकडी रवी, सगळं बाहेर. स्टीलचा कुकर चालतो, पण शिट्टी आणि रिंग काढून हाताने. प्लॅस्टिकच्या डब्यांचा हळदीचा पिवळेपणा मशीनमध्ये जात नाही, उलट गरम पाण्यात तो इतर पांढऱ्या झाकणांनाही लागतो. त्याला उपाय ऊन. दोन दिवस गच्चीवर ठेवा, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

राहिलं कोरडं होणं. याच मुद्द्यावर बहुतेक जण मशीनवर रुसतात. बऱ्याच मशीनमध्ये आत पंखा किंवा गरम हवा नसते. शेवटचं पाणी कडक गरम असतं, भांडी तापतात, त्या उष्णतेने अंगावरचं पाणी वाफ होतं आणि वाफ गार भिंतीवर जमून खाली उतरते. म्हणून जाड काचेची, चिनी मातीची भांडी छान वाळतात, त्यांच्यात उष्णता धरून ठेवलेली असते. पातळ स्टील लवकर गार होतं, प्लॅस्टिक तर तापतच नाही धड. ते ओलंच निघणार, त्यात मशीनचा दोष नाही.

जे हातात आहे ते असं. रिन्स एड भरा. ते शेवटच्या पाण्यात मिसळतं आणि पाण्याचे थेंब न राहता त्याची पातळ चादर होऊन ती घसरते. आमच्या मशीनमध्ये ती टाकी पाच वर्षं रिकामी होती आणि तिचा लाल दिवा लुकलुकतोय म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली होती. रिन्स एड कमी-जास्त करता येतं. थेंबांचे डाग दिसले तर आकडा वाढवा, निळसर रेघा दिसल्या तर कमी करा. अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रॅममध्ये वाळवण्याची पायरी बहुधा नसतेच, आणि टॅबलेटही त्यात नीट विरघळत नाही. इको प्रोग्रॅम तीन-तीन तास चालतो म्हणून तो जास्त वीज खातो असं मला वाटायचं. ते उलट आहे. पाणी कमी तापवतो म्हणून वेळ घेतो, वीज कमीच लागते. तेलकट कढया असतील त्या दिवशी मात्र 70 अंशांचा, त्या दिवशी वाळतंही चांगलं.

मशीन थांबल्यावर लगेच पूर्ण दार उघडू नका, तोंडावर वाफ येते आणि वरच्या ओट्याचं लाकूड फुगतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून चार बोटं उघडून ठेवा, वाफ निघून जाते. आणि आधी खालची जाळी रिकामी करा, मग वरची. वरच्या वाट्यांच्या काठातलं पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडण्याचा प्रकार आमच्याकडे रोज व्हायचा आणि आई म्हणायच्या, "वाळतच नाही तुझं मशीन."

मावशींचं काय, असं विचाराल. त्यांनी मला थेट विचारलं होतं, "मशीन सुरू झालं, मग मी येऊ की नको?" त्या येतात. सकाळची भांडी, कढया, कुकर, पितळ त्यांचंच, पगारही तोच. एवढं मात्र खरं की रात्रीच्या भांड्यांसाठी मी आणखी एक बाई बघत होते, ते काम कुणाला मिळालं नाही.

आता रात्री दहाला आई ओट्याशी उभ्या राहतात ते मांडणी तपासायला. मी लावलेल्या वाट्या काढून पुन्हा लावतात. सकाळी दार उघडं दिसतं, कारण पहाटे त्या उठून चार बोटं उघडून पुन्हा झोपलेल्या असतात. ताटावर बोट अजून फिरवतात.

काल एक वाटी त्यांनी माझ्यासमोर धरली. बुडाला मोहरीचा एक दाणा. "तुझं मशीन फोडणीचं आहे का गं?" फिल्टर साफ करायचा वार चुकला होता. तळाशी जाळीचा तो गोल फिल्टर असतो, फिरवून वर काढायचा, नळाखाली जुन्या टूथब्रशने घासायचा आणि परत घट्ट बसवायचा. आपल्या घरात कढीपत्ता, जिरं, पोह्यांवरची शेव, कोथिंबिरीच्या काड्या सगळं तिथे जमतं, म्हणून आठवड्यातून एकदा तरी हवाच. मोहरी तर पात्याच्या भोकातही अडकते. मी फिल्टर धुतला, पातं काढून उजेडात धरलं. तीन भोकांत मोहरी होती. टूथपिकने काढली.